चिखलात न कुजणारी पानं

पुनर्वसूचा पाऊस लागला की नागभीडच्या आसपासच्या बांध्यांत रोवणी सुरू होते. पऱ्ह्यांच्या जुड्या धुऱ्यावर टाकलेल्या असतात, बायका ओळीनं वाकून मागे मागे सरकत असतात आणि सकाळी चिखलात गेलेले पाय संध्याकाळीच बाहेर येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फुगते, मग सोलते, मग आग आग होते. या चिखल्या. रात्री कुणी हळद-तेल लावतं, कुणी मेंदी थापतं आणि सकाळी पाय पुन्हा त्याच पाण्यात.

अशाच एका रोवणीत धुऱ्यावर बसून डबा खाताना माझ्या मामीनं पायाशी उगवलेलं एक रोपटं उपटलं आणि विचारलं, "पाणी तेच, चिखल तोच. मंग हे काहून नाही सडत, अन् आमचेच पाय सडते?"

तिच्या हातात होतं ते मार्सिलिया. लांब, दोऱ्यासारखा देठ आणि टोकाला अधिक-चिन्हासारखी मांडलेली चार पानं. पुष्कळांना ती आंबुशीच वाटते, पण आंबुशीला पानं तीन. संध्याकाळी ही चारही पानं हात जोडल्यासारखी मिटतात. संस्कृतात हिला सुनिषण्णक म्हणतात आणि चरकसंहितेतल्या पालेभाज्यांत तिचं नाव आहे. शेजारच्या छत्तीसगढात ती चुनचुनिया भाजी म्हणून बाजारात जुडीनं विकली जाते. बंगालात शुशनी शाक खाल्लं की झोप चांगली लागते, असा समज आहे. तिला फूल येत नाही, बी धरत नाही. कारण दिसायला तशी नसली तरी ती नेचा आहे.

मामीचा प्रश्न साधा नाही. चमचाभर चिखलात कोट्यवधी जिवाणू असतात, बुरशीचे तंतू असतात आणि मेलेलं ते सगळं कुजवणं हेच त्यांचं काम. जिवंत झाड त्यांना दाद देत नाही, हे सगळ्याच झाडांबद्दल खरं आहे. पण नेच्यांना ही लढाई जास्त जवळून लढावी लागते. त्याचं कारण त्यांच्या जन्माच्या रीतीत आहे.

नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतात. त्यांत बीजाणू असतात, धुळीसारखे बारीक. बीजाणू ओल्या मातीवर पडला की त्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी उगवतो नखाएवढा, बहुधा बदामाच्या आकाराचा एक हिरवा पापुद्रा. त्याला म्हणतात प्रोथॅलस. कडेला त्याची जाडी फक्त एका पेशीची असते. साल नाही, लाकूड नाही, मेणाचा थर असला तर नावापुरता. या पापुद्र्यावरच नर आणि मादी पेशी तयार होतात आणि नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जावं लागतं. म्हणजे पाण्याचा पातळ थर हवाच. जिथे ओल जाते तिथे नेच्याचं लग्नच लागत नाही, आणि जिथे ओल टिकते तिथे बुरशी आणि जिवाणू टपलेले असतात. मार्सिलिया आपले पापुद्रे बीजाणूच्या कवचातच उरकते, पण ओल तिलाही चुकलेली नाही. अशा जागी आठवडे काढायचे तर अंगात काहीतरी रसायन हवं.

ही वहिवाट फार जुनी आहे. विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलाँच्या खडकांत बिरबल साहनींना एका पाणनेच्याच्या बीजाणूकोषाचा जीवाश्म मिळाला. १९४३ मध्ये त्यांनी त्याला रोडाइट्स असं नाव दिलं. तो मार्सिलियाच्याच कुळातला. दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळातला, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. धानाची बांधी यायच्या कितीतरी आधीपासून हे कुळ इथल्या डबक्यांच्या कडेला उभं आहे.

जगात नेचे आणि त्यांचे सोयरे मिळून सुमारे १२ हजार जाती आहेत, भारतात हजाराहून अधिक. सह्याद्रीत त्या डोळ्यांत भरतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या फादर ब्लॅटर यांनी डी'आल्मेडा यांच्या साथीनं १९२२ मध्ये 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हे अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या झाडीपट्टीत मात्र नेचे शोधावे लागतात. साग, मोह, तेंदू, बांबूचं हे पानगळीचं जंगल मे महिन्यात करपून निघतं. इथला नेचा ओलीचे कोपरे धरून राहतो: घोडाझरीच्या नाल्यांच्या काठाला, सातबहिणीच्या डोंगरातल्या कपारींत, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीखाली, विहिरींच्या आतल्या दगडांवर आणि बांध्यांत.

या कोपऱ्यांतला माझा सगळ्यात आवडता म्हणजे हंसराज. काळा, चकचकीत, घोड्याच्या केसासारखा देठ आणि त्यावर अर्धचंद्राकृती हिरवी पानं. एक पान घेऊन लोट्यातल्या पाण्यात बुडवून बघा. पाण्याखाली ते चांदीसारखं चमकतं, कारण पानाला हवेचा पातळ थर चिकटून राहतो. बाहेर काढलं की कोरडं. एक थेंब धरत नाही. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅडिअँटम. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'न भिजणारं'. पानाचं टोक जमिनीला टेकलं की तिथे मुळं फुटतात आणि नवं रोप उभं राहतं, म्हणून हा नेचा पावलापावलानं पुढे चालतो. आयुर्वेदात याला हंसपदी म्हणतात. याचाच भाऊ युनानी वैद्यकात परसियावशां म्हणून प्रसिद्ध आहे आणि खोकल्याच्या जोशांद्यात पडतो.

मामीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर या लोट्यात दिसतं. पाणीच टिकलं नाही तर जंतूंना पाय रोवायला जागा नाही. मार्सिलियाच्या पानावरही मेण असतं, थेंब मोत्यासारखा घरंगळतो. आपल्या कातडीवरचं तेल मात्र दिवसभराच्या पाण्यात धुऊन जातं, वरचा थर फुगून सैल होतो, बुरशी आत शिरते आणि तिनं पाडलेल्या भेगेतून जिवाणू.

दुसरं उत्तर पानाच्या आत आहे. नेच्यांत फिनॉल वर्गातली आम्लं, फ्लेव्होनॉइड, टॅनिन आणि टर्पिन वर्गातली संयुगं मुबलक असतात. टॅनिन आपल्या ओळखीचं आहे. कच्चं जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ आखडते ती त्याच्यामुळे. ते प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं. जिभेवर ते लाळेतली प्रथिनं धरतं, जिवाणूवर त्याची विकरं आणि आवरण. काही फ्लेव्होनॉइड जिवाणूच्या पातळ पटलात घुसून ते सैल करतात आणि आतले क्षार बाहेर झिरपू लागतात. चिखलदऱ्याला किंवा सह्याद्रीत चंदेरी नेचा मिळाला तर त्याचं पान उलटं करून मनगटावर दाबा. पांढऱ्या भुकटीत पानाची नक्षी जशीच्या तशी उमटते. पोरं याला गोंदण म्हणून खेळतात. ती भुकटी बरीचशी फ्लेव्होनॉइडचीच असते. झाडानं आपली ढाल अंगावर पिठासारखी लिंपलेली असते.

हे सगळं नुसतं तर्कानं ठरलेलं नाही. १९८० मध्ये बॅनर्जी आणि सेन या दोन भारतीय संशोधकांनी 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकात शंभरावर नेचेवर्गीय वनस्पतींच्या अर्कांची जंतूंवरची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या पुष्कळ अर्कांनी जंतूंची वाढ रोखली होती. त्यानंतर देशातल्या कितीतरी महाविद्यालयांत हंसराज, मयूरशिखा, मार्सिलिया, लायगोडियम नावाचा वेलनेचा यांच्यावर अशा चाचण्या झाल्या.

ही चाचणी कशी करतात ते सांगतो, कारण बातम्यांत नेमकं इथेच पाणी मुरतं. काचेच्या उथळ बशीत अगार ओततात. अगार म्हणजे आपण खरवस-पुडिंगसाठी आणतो ते चायना ग्रास, समुद्रशैवालातून काढलेलं. फॅनी हेस या गृहिणीनं आपल्या स्वयंपाकघरातला हा पदार्थ प्रयोगशाळेसाठी सुचवला आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट कॉख यांच्याकडे तो रुळला. अगारवर जिवाणू पसरतात, मध्ये लहानशी खाच पाडून त्यात पानाचा अर्क घालतात आणि बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी बशीभर जिवाणूंची दुधी साय आलेली असते. अर्कात दम असेल तर खाचेभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ राहतं. ते पट्टीनं मोजतात: १२ मिलिमीटर, १८ मिलिमीटर. पहिल्यांदा असं वर्तुळ पाहताना अंगावर काटा येतो. रानातल्या पानानं आखलेली लक्ष्मणरेषा समोर दिसत असते.

पण त्या वर्तुळाला किती बोलू द्यायचं, हे ठरवावं लागतं. रेणू लहान आणि पाण्यात विरघळणारा असेल तर तो अगारमध्ये लांब पसरतो आणि वर्तुळ मोठं दिसतं. रेणू जाड असेल तर तो खाचेतच बसून राहतो, मग अंगात कितीही जोर असो. म्हणून मिलिमीटर म्हणजे ताकद नव्हे. त्यासाठी जंतूंची वाढ रोखायला कमीत कमी किती मात्रा लागते ते वेगळं मोजतात. तिथे कच्चे अर्क बहुधा मिलिग्रॅममध्ये बोलतात आणि औषधाच्या दुकानातली प्रतिजैविकं मायक्रोग्रॅममध्ये. म्हणजे हजारपटीचं अंतर. जंतूजंतूंतही फरक आहे. गळू करणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर वनस्पतींचे अर्क बऱ्यापैकी चालतात. ई. कोलाय किंवा स्यूडोमोनास यांच्याभोवती आणखी एक बाहेरचं पटल असतं, तिथे ते पुष्कळदा अडतात. आणि बशीत आतडी नसतात, यकृत नसतं, रक्त नसतं. बशीतलं वर्तुळ पोटात घेतलेल्या काढ्याबद्दल काहीच सांगत नाही.

शिवाय अर्क कशात काढला हाही प्रश्न आहे. चाचणीतले चांगले आकडे पुष्कळदा मिथेनॉल किंवा क्लोरोफॉर्ममधल्या अर्काचे असतात. घरातली आजी मात्र पान पाण्यात उकळते. दोन्हींत उतरणारी द्रव्यं वेगळी. हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या दारातच आहे.

गडचिरोली हा महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा मार सोसणारा जिल्हा. तिथे मेंदूपर्यंत जाणाऱ्या फाल्सिपेरम हिवतापावर आज जे औषध देतात, त्याचा गाभा आर्टेमिसिनिन वर्गातला आहे. तो आला चीनमधल्या दवण्याच्या जातीच्या एका झाडातून. तू यूयू आणि त्यांचे सहकारी १९७० च्या सुमारास जुने ग्रंथ चाळत झाडं तपासत होते. या झाडाचा उकळून काढलेला अर्क कधी चाले, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात ते झाड पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा असं लिहिलेलं होतं. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेनं औषध मरत असावं, हे तू यूयू यांनी त्यावरून ओळखलं, कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि औषध हाती आलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एका ओळीत टिकून राहिलेली रीत माणसं वाचवून गेली.

उलट दाखलाही आहे, आणि तो मामीच्या हातातल्या रोपट्याच्या सख्ख्या नात्यातला आहे. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी तिथल्या मार्सिलियाच्या कडक बीजाणूकोषांचं पीठ करून खातात. त्याला नार्डू म्हणतात. १८६१ मध्ये बर्क आणि विल्स हे दोन गोरे प्रवासी कूपर क्रीकच्या काठी अन्नावाचून अडकले आणि नार्डूवर राहू लागले. पोट भरत होतं, पण अंगातलं बळ जात होतं. दोघेही तिथेच मेले. नार्डूत थायामिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व तोडतं. भाजण्याची आणि पाण्यात कालवण्याची स्थानिक रीत त्यांनी नीट उचलली नाही, असं मानलं जातं. त्यांचा साथीदार किंग तिथल्या यांड्रुवांधा लोकांच्या आश्रयानं जगला. चुनचुनिया भाजी पिढ्यान्‌पिढ्या शिजवून खाल्ली जाते. पाला कच्चा वाटून पिण्याचा सल्ला मोबाइलवर कुणी देत असेल, तर तो देणाऱ्याला त्या पिढ्यांचं काहीच ठाऊक नाही.

नेच्यांत याहून तिखट विषंही आहेत. ब्रॅकन नावाच्या डोंगरी नेच्यात टाक्विलोसाइड असतं. तो सतत चरणाऱ्या गुरांच्या लघवीतून रक्त जातं, मूत्राशयाचा कर्करोग होतो. युरोपात नर-नेच्याचं मूळ दोन हजार वर्षं पट्टकृमी पाडायला वापरलं. ते काम करायचं, पण मात्रा जरा चुकली की माणसाची दृष्टी जायची. जंतूला मारणारं रसायन आपल्याला वगळून जात नाही.

नावांचा घोळ तर निराळाच. खडकाच्या आणि चुन्याच्या जुन्या भिंतींच्या भेगांत पंख्यासारखा उगवणारा चिमुकला नेचा म्हणजे मयूरशिखा. पण कोंबड्याच्या तुऱ्यासारखं फूल येणाऱ्या झाडालाही काही वैद्य मयूरशिखाच म्हणतात. जत्रेत 'संजीवनी बुटी' म्हणून वाळके गोळे विकायला येतात. पाण्यात टाकले की तासाभरात उलगडून हिरवे होतात. तो सेलाजिनेला, नेच्यांचा दूरचा सोयरा. सुकताना पेशी चुरगळू नयेत म्हणून तो आतल्या साखरांनी त्यांना सांभाळून धरतो. झाड जगण्याची ही करामत विलक्षण आहे, पण त्यावरून आजारी माणूस उठेल असं ठरत नाही. सेलाजिनेलांत अ‍ॅमेंटोफ्लेव्होन नावाचं एक संयुग सापडतं आणि प्रयोगशाळेत ते कँडिडा बुरशीवर चालतं. एवढं पक्कं आहे. जत्रेतल्या विक्रीमुळे डोंगरावरचे खडक उघडे पडतात, तेही पक्कं आहे.

इथे मला गडचिरोलीचीच आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला जंतुदोष झाल्याची लक्षणं ओळखायची आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन व को-ट्रायमोक्साझोल द्यायचं, हे त्या शिकल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. आणि त्याच राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या बायकांना झाडांबद्दल काय माहीत आहे ते ऐकून 'गोईण' हे पुस्तक लिहिलं. गोईण म्हणजे मैत्रीण. एकच व्यक्ती बाळाला प्रतिजैविकाची सुई मिळवून देते आणि बायकांची झाडांशी असलेली मैत्रीही लिहून ठेवते. ताप आलेल्या तान्ह्या बाळाला कुठलाही पाला उगाळून देऊ नये आणि पाल्याचं ज्ञान फेकूनही देऊ नये. मला या दोन गोष्टींत भांडण दिसत नाही.

नेच्यांच्या रसायनांतून उद्या काय निघेल? जंतूंवरचं औषध अजून दूर आहे. पण किड्यांच्या बाबतीत एक पाऊल पडलेलं आहे, आणि ते विदर्भाच्या जिव्हाळ्याचं आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी टेक्टेरिया नावाच्या खाण्याजोग्या नेच्यातून टीएमए-१२ हे प्रथिन वेगळं केलं. त्याचं जनुक कपाशीत घातलं तेव्हा पांढऱ्या माशीला त्या झाडानं रोखलं. २०१६ मध्ये हे काम 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त आलं. बोंडअळीवरच्या बीटी प्रथिनाला पांढरी माशी दाद देत नाही, म्हणून नेच्याकडे जावं लागलं.

बांधीतल्या आणखी एका नेच्यानं मला या विषयाकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लावलं. अझोला. पाण्यावर तरंगणारी हिरवी-तांबूस जाळी. तिच्या प्रत्येक पानात एक बारीक पोकळी असते आणि त्या पोकळीत अ‍ॅनाबिना हे नीलहरित जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र झाडाला देतात, म्हणून धानात अझोला सोडली की युरिया वाचतो. अझोला हे पाहुणे बाहेरून गोळा करत नाही. आपल्या मोठ्या बीजाणूसोबतच त्यांची शिदोरी बांधून देते, आई लेकीला विरजण देते तशी. म्हणजे जंतूंना हाकलण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यातलीच एक जात एका जंतूला पिढ्यान्‌पिढ्या घरात सांभाळते.

मामीला मी यातलं थोडंच सांगू शकलो. चिखल्यांवर काय करायचं ते सांगितलं: घरी आल्यावर पाय साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्यानं टिपायच्या, बुरशीवरचं मलम लावायचं, साखरेचा आजार असेल तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. तिनं ऐकून घेतलं, हातातलं मार्सिलिया पुन्हा चिखलात खोचलं आणि पऱ्ह्याची जुडी उचलली.

घोडाझरीचं सुमारे १५९ चौरस किलोमीटरचं जंगल २०१८ मध्ये अभयारण्य झालं, तिथल्या नाल्यांतले हंसराज आता थोडे निर्धास्त आहेत. बांध्यांचं तसं नाही. निंदणीची मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशकाची फवारणी वाढते आहे आणि तिच्या लेखी मार्सिलिया तण आहे. तरी दिवाळीनंतर धान कापलं, बांधी भेगाळली की देठांच्या बुडाशी मिऱ्याएवढे काळे, टणक दाणे सापडतात. ते तिचे बीजाणूकोष. नखानं फुटत नाहीत. कोरडे ठेवले तर कित्येक दशकं जिवंत राहतात. मी त्यांतले चार-पाच एका बाटलीत ठेवले आहेत. एकाची कड कानशीवर थोडी घासून वाटीतल्या पाण्यात टाकला, तर थोड्याच वेळात कवच उकललं आणि आतून पारदर्शक, लिबलिबीत दोरी हळूहळू बाहेर आली. तिच्या दोन्ही बाजूंना बीजाणूंच्या पिशव्या ओळीनं लटकत होत्या.